चुलीचं बिऱ्हाड

आमच्या बाबांना कोणतीही अट घालू नये, हे मायला लग्नाला बारा वर्षं झाल्यावरही समजलं नव्हतं. इतर माणसं अट ऐकली की तिच्यामागचा नकार ओळखतात. बाबांना फक्त अट ऐकू यायची, आणि मग ते ती पुरी करण्याच्या मागे लागायचे.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात बाबांना गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये धानाची पोती तोलण्याचं काम मिळालं. आमच्या गावची, म्हणजे कामठ्याची, शेती काकाच्या हवाली करून आम्ही तिघांनी गोंदियाला राहायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं. मी एका पायावर तयार होते, कारण गावात मुलींची शाळा चौथीपाशी संपायची आणि गोंदियाला पुढची होती. मायला मात्र गाव सोडायचं नव्हतं. आमच्याकडे नवऱ्याला सरळ नाही म्हणायची रीत नव्हती, वाकड्या वाटेने म्हणायची होती. ती म्हणाली, "माही चूल आली तं मी येईन. वाटेत तिले तडा गेला तं त्याच गाडीनं वापस येईन, पोरीले घेऊन."

पोरीले घेऊन म्हणजे मला घेऊन. आई गावात आणि मुलगी बापाजवळ शहरात शिकते आहे, असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणजे चूल शाबूत पोचली तर मला शाळा, आणि तडा गेला तर जन्मभर गोवऱ्या. दहाव्या वर्षी माझं सगळं पुढचं आयुष्य मातीच्या एका ढेपेवर येऊन बसलं, याचा मला आजही राग येतो.

त्या चुलीबद्दल सांगायला हवं. माय लग्न होऊन आली तेव्हा घरात सासूची चूल होती, आणि तिचा सगळा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडावर यायचा. सासू गेल्यावर मायने ती मोडून स्वतः घातली. तीही धुरकटली. मोडली, पुन्हा घातली. अशा किती घातल्या आणि किती मोडल्या, ते तिलाही आठवत नव्हतं. शेवटी तलावाची माती, धानाचा कोंडा आणि शेण यांचं काहीतरी जमून गेलं आणि एक चूल अशी उतरली की धूर निमूटपणे कौलांकडे जायचा. मध्ये मोठं तोंड, दोन्ही अंगांना लहान तोंडाचे दोन वैल. एका विस्तवावर भात, वरण आणि अंघोळीचं पाणी. दुसऱ्या आळीतल्या बाया बघायला यायच्या, वितीने माप घेऊन जायच्या आणि घरी जाऊन धुरकट चुली घालायच्या. मायला याचा फार आनंद व्हायचा. बाई चांगली होती, पण या एका बाबतीत नव्हती.

बाबांनी अट ऐकून घेतली, जेवले, हात धुतले आणि सुतळी घेऊन चुलीपाशी बसले. चूल भरली तीन हात लांब आणि अडीच हात रुंद. मग बाहेर जाऊन त्यांनी गाडीचं माप घेतलं. शेजारचे एक आजोबा ओट्यावरून हे बघत होते. ते म्हणाले, "चूल कोनी नेते का बाप्पा? गोंदियाले माती नाई भेटत का?"

"माती भेटते," बाबा म्हणाले, "पन तिनं चूल म्हनलं, माती नाई म्हनलं."

पुढचे दोन दिवस त्यांनी चूल खणून काढली. सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, भोवतीने चर खणला, मग खालची चार बोटं जमीन चुलीसकट सोडवत एकेक बांबू आत सरकवला. घाम चुलीवर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधला होता. माय अंगणात तीन दगडांवर भात शिजवत त्यांच्याकडे बघायची. पहिल्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चूल जमिनीपासून सुटून बांबूंवर आली, तेव्हा ते गेलं.

बाकीचं घर बांधायचं काम माझ्यावर आलं. दहा वर्षांच्या मुलीने बांधावं तसं मी बांधलं. पितळेचे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, एकात एक घातले आणि ते पुन्हा निघणार नाहीत असे ठोकून बसवले. कंदिलाची काच मिरच्यांच्या पोत्यात घातली. आरसा पाटा आणि वरवंटा यांच्यामध्ये ठेवला, कारण ती जागा सपाट होती. कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चुलीला लागेल असं काही कडक गाडीत तिच्या जवळ ठेवायचं नाही, एवढाच बाबांचा हुकूम होता.

चुलीला मात्र धानाच्या पेंढ्याची, म्हणजे तणसाची गादी, तणसाची उशी आणि तणसाचंच पांघरूण मिळालं. तणस मऊ राहावं म्हणून बाबांनी त्यावर पाण्याचे हबके मारले, वरून दोऱ्या आवळल्या आणि धूळ बसू नये म्हणून आपलं पांढरं धोतर अंथरलं. मग आठ जणांनी बांबू खांद्यावर घेतले आणि चूल घराबाहेर निघाली. आमची गल्ली अरुंद, गाडी चौकात उभी. पांढऱ्या कापडाखाली काहीतरी लांबट आठ खांद्यांवरून येताना बघून लोकांनी काय समजावं? समोरच्या बाईने डोक्यावर पदर घेतला. एक म्हातारा टोपी काढून चार पावलं सोबत चालला, बांबूला हात लावून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं," बाबा म्हणाले. "आमी जाऊन रायलो."

म्हाताऱ्याला ते पटलं नाही. तो चौकापर्यंत आला.

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. एरवी बैलगाडी दुपारच्या आत गोंदियाला पोचायची. पण बाबा फावडं घेऊन पुढे चालत होते आणि चाकोरीतला प्रत्येक खड्डा मातीने बुजवल्याशिवाय गाडीला पुढे येऊ देत नव्हते. शेळ्यांचा कळप आम्हाला मागे टाकून गेला. डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी गेली. गाडीवाला जन्मभर धान वाहणारा माणूस, तो बैलांना सांगत होता, "वरात नेली, बाळंतीन नेली, पन असा जलमात नाई." गाडीत बसायची कोणालाच परवानगी नव्हती. माय गाडीमागे तणसावर नजर ठेवून चालत होती, आणि मी तिच्यावर.

दुपारी आंब्याखाली गाडी सोडली. गाडीवाल्याने बैल गाडीच्या मागच्या बाजूला बांधले आणि त्यांच्यापुढे वाळका कडबा टाकला. आम्ही शिदोरी खाल्ली. बाबा दोन दिवसांचे थकलेले, ते फावडं उशाशी घेऊन झोपले. गाडीवालाही झोपला. मलाही डुलकी लागली, आणि जाग आली ती चघळण्याच्या आवाजाने.

वाळका कडबा तसाच पडला होता. दोन्ही बैल आमची बांधाबांध खात होते. हबके मारून मऊ केलेलं तणस, त्यांना तरी असं जेवण कोण वाढणार? अर्धी उशी संपली होती, गादीला भगदाड पडलं होतं, आणि बाबांचं धोतर एका बैलाच्या शिंगावर होतं. आणि माय जागी होती. बैलांपासून हातभर अंतरावर, गुडघ्याला मिठी मारून बसली होती आणि बघत होती. हाकलत नव्हती.

मला सगळं समजलं आणि मी तिच्यावर भयंकर रागावले. बैल असेच खात राहिले की पुढच्या खड्ड्यात चूल जाणार, संध्याकाळी आम्ही त्याच गाडीने परतणार, आणि तिला एक शब्दही बोलावा लागणार नव्हता. मी बाबांना हलवायला निघाले तेवढ्यात एका बैलाची जीभ उघड्या पडलेल्या वैलाला लागली. वैलावर बारा महिन्यांची उतू गेलेली पेज मुरलेली. त्याला ती आवडली. तो वैल चाटायला लागला, आधी हळू, मग जोर लावून, आणि मातीचा एक पापुद्रा ओला होऊन निघाला.

माय उठली आणि तिने त्याच्या नाकाडावर अशी लगावली की बाबा, गाडीवाला आणि दुसरा बैल तिघंही दचकले. "माही चूल चाटून रायला," ती म्हणाली, "आन् तुमी झोपून रायले."

बाबांनी भगदाड बघितलं आणि चारही दिशांना नजर फिरवली. जवळपास गाव नव्हतं, तणस नव्हतं. मग मायनेच ट्रंक उघडली. वाकळा काढल्या, माझे परकर काढले, बाबांच्या बंड्या काढल्या, आणि सगळ्यांच्या तळाला असलेलं तिचं लग्नाचं हिरवं लुगडं. चूल कुठे कच्ची आहे, कुठला वैल आधी हलतो, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? वाकळांच्या घड्या बरोबर तिथे तिथे सरकवून तिने वरून लुगडं गुंडाळलं आणि पदराची गाठ मारली. बाबा शिकाऊ माणसासारखे दोरी धरून उभे होते. चूल नीट बांधली गेली ती तेव्हा. माझा राग मात्र गोंदियापर्यंत उतरला नाही.

दिवस कलता कलता गाडी मिलच्या खोल्यांपुढे उभी राहिली. एका ओळीत खोल्या, प्रत्येकीपुढे बायका उभ्या. हिरव्या लुगड्यातलं ते प्रकरण बघून शेजारीण म्हणाली, "अरे, इसमें दुल्हन है क्या?" बाबांनी मान हलवली आणि मिलचे हमाल बोलावून आणले. आठ जणांनी चूल उतरवून दारापुढे ठेवली. मायने गाठ सोडली, वाकळा काढल्या आणि चुलीच्या अंगावरून बोट फिरवलं, तिन्ही तोंडांच्या आतूनसुद्धा. बैलाने काढलेला पापुद्रा सोडला तर कुठे ओरखडा नव्हता.

"तडा नाई," बाबा म्हणाले. इतकं खूश मी त्यांना माझ्या चौथीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मग हमालांनी बांबू उचलले, चार पावलं गेले आणि थांबले. दार दोन हातांचं होतं.

बाबांनी सुतळी काढली. दार मोजलं, चूल मोजली, पुन्हा दार मोजलं. चूल उभी किंवा आडवी करावी तर खालची जमीन सुटून तुकडे झाले असते. एक हमाल म्हणाला, "दीवार तोड़ दो." दुसरा म्हणाला, "बाहर ही रहने दो, बारिश में अपने आप छोटी हो जाएगी." भिंत मिलची होती आणि मृग पंधरा दिवसांवर आला होता. अट बाबांनी जिंकली होती, आता तिचं करायचं काय ते त्यांना सुचत नव्हतं. गाडीवाल्याने अजून बैल सोडले नव्हते. त्याने मायला विचारलं, "गाडी फिरवू का, वैनी?"

सगळी ओळ मायकडे बघत होती. तिला आता भांडायचीही गरज नव्हती. चूल शाबूत होती आणि घरात जात नव्हती. लुगड्याची गाठ पुन्हा मारायची आणि चालू लागायचं, कोणी तिला दोष दिला नसता.

मायने मला जवळ बोलावलं. "तुही शाळा किती वर्साची रायते?"

"सातवीपर्यंत तीन."

"तीन." तिने चुलीवर हात ठेवला. "तीन वर्सासाठी हे चूल नाई फोडत मी."

"मॅट्रिकपर्यंत सात," मी घाईघाईने म्हटलं.

"मॅट्रिक करशीन?"

मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची, पण ती म्हणजे नेमकं काय, मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात एकाही बाईने ते केलेलं नव्हतं. "करीन."

"दर वर्सी पास?"

"दर वर्सी."

तिने गाडीतली सब्बल काढून घेतली. बाबा हळूच म्हणाले, "वाटेत तडा नाई गेला बरं." ती "हो" म्हणाली आणि डावा वैल जिथे चुलीला जोडला होता बरोबर तिथे तिने घाव घातला. मग उजवीकडे. नंतर सब्बल बाजूला ठेवून ती त्या तीन तुकड्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि गाडीवाल्याला म्हणाली, "जा तू. रिकामीच ने."

तुकडे आत गेले. आरसा, काच, काय काय फुटलं ते दोन दिवसांनी कळलं आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मायने गोंदियाच्या मातीने चूल जोडली, तीनदा मोडून पुन्हा जोडली, पण ती पूर्वीसारखी पेटली नाही. धूर खोलीभर कोंडायचा. पाचवीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले. मायने माझ्या हातातली पाटी काढून घेतली, फुंकणी दिली आणि चुलीपुढे बसवलं. भात शिजेपर्यंत माझ्या डोळ्यांची आग आग झाली, मी उठले की ती पुन्हा बसवायची. आठ दिवस दोन्ही वेळचा भात मीच केला. नवव्या दिवशी तिने फुंकणी काढून घेतली आणि पाटी परत दिली. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत मी कधी नापास झाले नाही.