महिला दिनाची शाल

आमच्या वॉर्ड ऑफिसला सण फार. मराठी भाषा दिन, महिला दिन, महाराष्ट्र दिन, स्वच्छतेचा कुठलासा पंधरवडा. वॉर्डाचं नाव सांगत नाही; कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कुठलाही धरा, रडगाणं एकच. वरून हुकूम येतो की कार्यक्रम झालाच पाहिजे आणि फंड मागायचा नाही. नगरसेवक नव्हते त्या वर्षांत तर फंड मागायचा कुणाकडे हेही कळेनासं झालं होतं. आता ते आलेत, फंड अजून वाटेत आहे.

या सगळ्यात मरण शिपायाचं. आमचे शिपाई भाऊराव, मूळचे जालन्याकडचे, बोलणं मोजकं. सतरंज्या, माईक, हार, पाहुण्यांचं पाणी, सगळं त्यांच्याकडे. मी चेतना, ऑफिसातली क्लार्क. आवाज बरा म्हणून सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलेलं. कैक वर्षं मी स्टेजवर बोलते आणि ते स्टेजमागे राबतात.

पूर्वी महिला दिनाला वॉर्डातल्या निवृत्त होणाऱ्या बायकांचा सत्कार व्हायचा. झाडूवाली असो की घरोघर फिरणारी आरोग्यसेविका, प्रत्येकीला शाल, श्रीफळ आणि स्टीलचा डबा. आधी डबा गेला, मग नारळ. मग साहेबांना युक्ती सुचली: शाल एकच ठेवायची. बाईला पांघरायची, फोटो काढायचा, ती मागच्या पायऱ्यांनी उतरली की काढून घ्यायची आणि पुढचीला घालायची. साहेबांच्या आणि पाहुण्यांच्या शाली अर्थातच वेगळ्या, नव्या. त्या परत मागायची कुणाची टाप? बायकांची काढून घ्यायचं काम भाऊरावांचं. पायऱ्यांशी हात पुढे करून उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, “मावशी, शाल द्या.”

मागल्या वर्षी शेवंती नावाची झाडूवाली शाल देता देता म्हणाली, “घरी सुनेला दाखवायची होती रे.” त्या दिवशी भाऊरावांनी वडापाव तसाच ठेवला. मला म्हणाले, “मॅडम, लुटायला उभा राहिल्यासारखं वाटतं.”

यंदा यादीत शांताबाईंचं नाव होतं. शांताबाई म्हणजे भाऊरावांची बायको. आरोग्यसेविका. डोंगरावरच्या वस्तीत पोलिओचे डोस पाजून, टीबीच्या पेशंटांना गोळ्या गिळायला लावून गुडघे झिजवलेली बाई. तिने डोस पाजलेली पोरं आता रिक्षा चालवतात. नोकरी कायम अशी कधी झालीच नाही, सगळं आयुष्य मानधनावर गेलं. पेन्शन नाही, निरोप समारंभ नाही. हा सत्कार तेवढा तिचा.

“त्यांना ठाऊक आहे का, शाल परत घेतात ते?” मी विचारलं.

“नाही. घरी कधी बोललो नाही. लाज वाटते.”

“मग त्यांचं नाव शेवटी घालते. राहील त्यांच्याकडे.”

“शेवटची कपाटात जाते, मॅडम. शिक्षक दिनाला लागते.”

“मग दुकानातून एक आणून द्या ना सरळ.”

“ती दुकानातली झाली,” भाऊराव म्हणाले. “तिला ऑफिसची हवीय. साडीला इस्त्री करून ठेवलीय तिनं.”

मला साहेबांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर या माणसाचाही आला. एवढं वाटतं तर जा ना, सांग ना तोंडावर! पण सांगून काय होतं ते आम्हां दोघांनाही माहीत होतं.

कार्यक्रम पालिका शाळेच्या सभागृहात. पंखे कुरकुरतायत, मागे सौजन्य म्हणून सराफाचा बॅनर. साहेबांनी नारीशक्तीवर भाषण ठोकलं. मी नावं पुकारत गेले आणि शाल या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरत, घामानं ओलसर होत गेली. मग शांताबाईंचं नाव आलं.

शाल पांघरून त्या पायऱ्यांकडे आल्या. चेहरा इतका खुललेला की माझ्याच्याने बघवेना. खाली भाऊराव उभे, हात पुढे. शांताबाईंनी तो हात घट्ट धरला, गुडघे सांभाळत एकेक पायरी उतरल्या आणि शालीसकट आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

तोवर मी पुढचं नाव पुकारून बसले होते. इरावतीबाई स्टेजवर आल्या. तबक रिकामं. साहेब तबकाकडे बघतायत, मी महिला दिनाचं महत्त्व दुसऱ्यांदा सांगतेय. तेवढ्यात भाऊराव पायऱ्या चढून वर आले, साहेबांसमोर उभे राहिले आणि तोच हात पुढे केला.

“साहेब, शाल द्या.”

साहेब गडबडले. “अरे, ही माझी आहे.”

“यंदा फंड नाही ना, साहेब,” भाऊराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

माझ्या हातातला माईक चालू होता. सगळ्या सभागृहानं ऐकलं. आधी बायका हसल्या, मग टाळ्या पडल्या. साहेबांनी उसनं हसू आणून शाल उतरवून दिली, ती इरावतीबाईंच्या खांद्यावर गेली.

मेमो येणार हे ठरलेलंच. “येऊ दे,” कार्यक्रमानंतर खुर्च्या रचताना भाऊराव म्हणाले. मी माईकची वायर गुंडाळत होते. शांताबाई नवऱ्यासाठी थांबल्या होत्या, शाल घडी करून मांडीवर घेतलेली.

“अहो, तो हात शालीसाठी होता ना?” त्यांनी विचारलं.

भाऊराव खुर्ची धरून तसेच थांबले.

“शेवंतीनं मला मागेच सांगितलंय सगळं. म्हणून तर हात धरला. नाहीतर काढून घेतली असतीत.”

“तुझ्या अंगावरची?”

“घेतली असतीत. नोकरी आहे तुमची.”

भाऊरावांनी नाही म्हटलं नाही. हातातली खुर्ची रचली आणि पुढची उचलली.