पीटरच्या कपाळावरची राख

“काहून पुसलं रे?” पीटर असा ओरडला की रोलिंग मिलचा भोंगा लाजला असता.

आज बीरगांवच्या घरी खिडकीवरची, उरला औद्योगिक वसाहतीतून उडून आलेली काळी भुकटी सतराव्यांदा पुसतोय. ही सात जन्म निघत नाही; पीटरच्या कपाळावरची राख मात्र तेव्हा मी एका फटक्यात घालवली होती.

तो राखेचा बुधवार होता. रजा मिळाली नाही म्हणून पीटर पहाटेच चर्चला जाऊन मिलमध्ये माझ्यासोबत शिफ्टवर आला. मला वाटलं, कपाळावर चिमणीची काजळी. अख्खी खारून नदी प्यायलेल्या रुमालानं घासून टाकली. ती काजळी नव्हतीच, राखेचा क्रूस होता. माणूस मातीचाच, हे विसरू नये म्हणून फादर वर्षातून एकदाच लावतात.

“चल, परत लावून आणू,” मी गयावया केली.

पीटरनं हेल्मेट घातलं. “राहू दे. उरल्यात आहो आपण, संध्याकाळपर्यंत कपाळाले राख लागतेच.”