अर्ध्यावरचा घोडा

माझी मुलगी शिकारीसाठी रायफल घेणार म्हणाली, तेव्हा जेवता जेवता तिच्या बाबांनी विचारलं, "भाड्याने नाही का मिळत?" ती हसली. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला होता.

ती एकोणतीस वर्षांची आहे. आम्ही अमेरिकेत, हर्नडनला राहतो, ती डोंगरापलीकडे, शेनंडोआच्या खोऱ्यात. वन्यजीव खात्यात नोकरी करते. हरणं मोजणं, त्यांनी खाल्लेली रोपं मोजणं, असं तिचं काम. दोन वर्षांपूर्वी तिने शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि एका सहकाऱ्याची रायफल मागून घेऊन जंगलात जायला लागली. का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, मी मटण खाते. मग मारायचं काम नेहमी दुसऱ्यानेच का करायचं?" आमच्या घरी लहानपणापासून रविवारी मटण होत असे. ते कुठून येतं हे मी कधी बघायला गेले नव्हते.

तिला लिव्हरची जुनी रायफल हवी होती. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर दाबली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं, ती. तिच्या भागातलं रान दाट आहे, हरीण दिसतं तेच पन्नास-साठ पावलांवर. तिथे लांब पल्ल्याची बंदूक आणि दुर्बीण यांचं काम नाही. आखूड, हलकी रायफल पुरते, आणि तीच शनिवारी रेंजवर कागदाच्या निशाणावरही चालवता येते. नव्याही मिळतात, पण जुन्यांचं काम जास्त चोख असतं असं तिचं मत.

"तू चल ना बरोबर," ती मला म्हणाली. "तुला मशीन बघितलं की कळतं."

हे खरं आहे. अमेरिकेत येण्यापूर्वी सहा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. गिअर, शाफ्ट, पिना. दिवसभर भिंगातून पोलादाच्या कडा बघायच्या आणि नापास मालावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. इथे आल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरले. तेही चुका शोधण्याचंच काम, फक्त हाताला तेल लागत नाही.

पहिली रायफल एका दुकानात पाहिली. काळीनिळी, आरशासारखी चमकत होती. दुकानदार म्हणाला, साठ वर्षांची आहे. मी नळीवर कोरलेली अक्षरं बघितली. त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. स्क्रूच्या खाचाही फाकलेल्या. कुणीतरी ती खोलून, घासून, नव्याने रंगवलेली होती. तसं करणं गुन्हा नाही, पण घासताना काय काय झाकलं ते कळायला मार्ग नव्हता. मी मुलीला मराठीत सांगितलं, "मेकअप आहे." तिने रायफल परत ठेवली.

दुसरी दिसायला चांगली होती. मुलीने लिव्हर उघडून आत अंगठ्याचं नख धरलं आणि मला पुढच्या टोकातून डोकवायला सांगितलं. नखावरून परतलेल्या उजेडात नळी आतून दिसते. पीळदार खाचा स्वच्छ दिसायला हव्यात. मला दिसले ते गंजाचे खड्डे. तिथेही आम्ही नाही म्हटलं.

तिसरीचा पत्ता पशुखाद्याच्या दुकानातल्या फलकावर मिळाला. चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: जुनी लिव्हर रायफल, दस्ता आखूड केलेला, बुटक्या माणसासाठी. मुलगी पाच फूट एक इंच आहे. तिने तिथूनच फोन लावला.

विकणारे गृहस्थ ऐंशीच्या आसपासचे होते. पूर्वी शाळेची बस चालवत. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि ते घर आवरत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून रायफल ठेवली होती, लिव्हर उघडी, म्हणजे आत काही नाही हे येणाऱ्याला आल्या आल्या दिसावं.

"ही माझ्या बायकोची," ते म्हणाले. "दस्ता मीच कापून दिला होता. माझ्या खांद्याला ती बसतच नाही."

मी बघायला लागले. रंग जिथे हात लागतो तिथेच उडाला होता, बाकी जागच्या जागी. अक्षरांच्या कडा बोटाला टोचत होत्या. स्क्रूंना कुणी हात लावलेला नव्हता. दस्त्याला चीर नाही. नळी आतून लख्ख. मुलीने ती खांद्याला लावली आणि तिचा गाल आपोआप जिथे टेकायला हवा तिथे टेकला. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आई, हीच."

मी म्हणाले, "थांब जरा."

एक तपासणी राहिली होती. या जुन्या रायफलींना वेगळं सेफ्टीचं बटण नसतं. मागच्या घोड्याला, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटून गोळी उडवणाऱ्या हातोडीला, मध्ये एक थांबा असतो. घोडा पूर्ण मागे ओढला की रायफल उडायला तयार. अर्ध्यावर ठेवला की तो तिथे अडकून बसतो, मग चाप ओढला, धक्का बसला तरी पडता कामा नये. माणसं रायफल भरून तशीच, अर्ध्यावर घोडा ठेवून, रानात हिंडतात.

आत काडतूस नाही हे मी पुन्हा पाहिलं, मुलीलाही पाहायला लावलं. घोडा अर्ध्यावर आणला. खट् आवाज झाला. मग अंगठ्याने मागून थोडा दाब दिला.

घोडा पडला.

मी पुन्हा केलं. पुन्हा पडला. तपासणीचा नियम तीन वेळांचा, म्हणून तिसऱ्यांदा केलं. तोवर ते गृहस्थ खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी आले होते.

"काय करताय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हा अर्ध्यावर टिकत नाही. आतला थांबा झिजलाय किंवा तुटलाय. भरलेली असती आणि कुठे आपटली असती तर उडाली असती."

माझ्या हातातून त्यांनी रायफल घेतली, घोडा स्वतः अर्ध्यावर आणला आणि अंगठा टेकवला. घोडा पडला. रायफल टॉवेलवर ठेवून ते खाली बसले. मला वाटलं, सौदा बिघडला म्हणून नाराज झाले.

मग ते सांगायला लागले. मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. तिघं रानातून परत आले होते. मुलगा ट्रकमध्ये बसला होता. बायकोने रायफल ट्रकला टेकवून ठेवली आणि हातमोजे काढायला लागली. रायफल घसरून पडली आणि उडाली. गोळी ट्रकच्या दारातून आत शिरली आणि छतातून बाहेर गेली. मुलगा सीटच्या दुसऱ्या टोकाला होता म्हणून वाचला.

"ती म्हणाली, घोडा अर्ध्यावर होता. मी म्हणालो, शक्यच नाही, तू पूर्ण ओढून विसरलीस. शिवाय रिकामी न करताच टेकवली, हीही चूक होतीच तिची. ती चूक तिने मान्य केली. पण घोडा अर्ध्यावर होता, हे ती म्हणत राहिली."

"मग?" मुलीने विचारलं.

"मग काही नाही. तिने रायफल परत हातात घेतली नाही. आणि मी ती गोष्ट सगळ्यांना सांगत राहिलो. थँक्सगिव्हिंगला, पाहुण्यांना, सुनेला. आईच्या हातात काही देऊ नका, दारातून गोळी घालते. सगळे हसायचे. तीही हसायची."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा होती. कारखान्यात मी एखाद्या भागावर लाल ठिपका दिला की तो भाग खोक्यात जायचा. तो कुणी बनवला, त्याच्यामुळे कुणाला काय ऐकावं लागलं, हे मला कधी दिसलं नाही. इथे माणूस समोर बसला होता आणि मला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं. पण त्याहून जास्त त्या बाईबद्दल वाटत होतं, जिला मी पाहिलंही नव्हतं.

शेवटी मी एवढंच म्हणाले, "आतला भाग बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. थांबा नंतरही तुटला असेल."

"नंतर ती कपाटातच होती," ते म्हणाले. "तिने नाही वापरली आणि मला ती बसत नाही."

त्या दिवशी त्यांनी रायफल विकली नाही. दुरुस्त केल्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही म्हणाले. परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "तू न सांगता फक्त नको म्हणाली असतीस तर?"

"तर त्यांनी दुसऱ्या कुणाला विकली असती."

"आय नो. तरी विचारतेय."

मी गाडीची काच थोडी खाली केली. न सांगण्याचा विचारच माझ्या मनात आला नव्हता, हे खरं उत्तर होतं, आणि ते फारसं प्रेमळ वाटलं नसतं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने घोडा बदलून दिला होता. विक्रीचे कागद आणि मुलीची पार्श्वभूमी तपासणी, म्हणजे नावावर काही गुन्हा नाही ना ते बघणं, एका दुकानात व्हायची होती, तिथे आम्ही भेटलो. कागदांचं काम चालू असताना त्यांनी खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. आत जुना घोडा होता.

"तुमची मुलगी म्हणाली, तुम्ही हेच काम करायचात. बघा."

भिंग मी पर्समध्ये ठेवलंच होतं. खालच्या बाजूला दोन खाचा होत्या. पूर्ण ओढल्यावर अडकायची ती धड, अर्ध्यावरची होती तिचा ओठ तुटलेला. पोलाद नुकतं तुटलं की तुटलेली बाजू राखाडी, दाणेदार चमकते. ही काळी पडली होती, आणि तिच्यावर जुनं तेल वाळून लाखेसारखं बसलं होतं.

"जुनं आहे," मी म्हणाले. "किती वर्षं ते सांगता येत नाही. आधी तुटलं होतं की त्या पडण्यात तुटलं, तेही नाही. पण अलीकडचं नाही."

"म्हणजे ती म्हणाली तसंच."

"त्यानंतर वापरलीच नसेल, तर दुसरं काही होणं कठीण आहे."

त्यांनी मान हलवली, घोडा पाकिटात घातला आणि पाकीट शर्टाच्या खिशात. मग म्हणाले, मुलाला फोन केला होता. तो आता पन्नाशीचा आहे, टेक्ससला असतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॅड, मला माहीत होतं. मी खिडकीतून बघत होतो. घोडा अर्ध्यावरच होता, तिने त्याला हातही लावला नव्हता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाला, नऊ वर्षांचा होतो, आणि तुम्ही इतके ठाम होतात."

दुकानदाराने मुलीला सही करायला बोलावलं. तपासणीचा निकाल थोड्याच वेळात आला. रायफल लांबट खोक्यात घालून तिने गाडीत ठेवली. त्या गृहस्थांनी तिच्याशी हात मिळवला, माझ्याशीही. आभार मानले की नाही, ते मला आठवत नाही. मानायची गरजही नव्हती.

नोव्हेंबरात मी तिच्याबरोबर रानात गेले. नवऱ्याने मला ठार वेड लागल्याचं जाहीर केलं आणि मग स्वतःची थर्मल पँट काढून दिली. भडक नारिंगी जाकिटं घालून आम्ही एका ओकच्या बुंध्याशी बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. मी इतका वेळ तिच्या शेजारी गप्प बसले त्याला बरीच वर्षं झाली होती. उजाडल्यावर एक मादी आणि मागे पिल्लू आलं. मुलीने रायफल उचललीच नाही. तासाभराने दुसरी मादी आली, एकटी. घोडा मागे ओढल्याचा हलका आवाज मी ऐकला, नंतर गोळीचा. हरीण तीस-चाळीस पावलं पळालं आणि झुडपात पडलं.

आम्ही लगेच गेलो नाही. थांबायचं असतं, असं तिने खुणेने सांगितलं. तिने लिव्हर ओढून रिकामं काडतूस काढलं, रायफल पूर्ण रिकामी केली, मला आत दाखवली आणि मगच बाजूला ठेवली. नंतर ती थोडा वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही, त्याचं मला आश्चर्यही वाटलं नाही. हरणाचे डोळे उघडे होते आणि अंगातून वाफ निघत होती. ते मी नीट पाहिलं. एकदा तरी पाहायला हवं होतं, असं वाटलं.

ओढत नेताना ते धूड वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड निघालं. मध्ये तीनदा बसावं लागलं. तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी बाबांना आणू या, ओढायला." आम्ही दोघी त्या थंडीत, हरणाच्या दोन्ही बाजूंना बसून, बराच वेळ हसत होतो.