जोतीरामचा खलनायक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलणारा जोतीराम माझ्या नेट कॅफेत आला, की मी त्याला आधी हात धुवायला लावायचो. तरी कीबोर्ड पिवळा झालाच. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. येणारी पोरं तासातला निम्मा वेळ पान उघडायची वाट बघत शिव्या द्यायची. जोतीराम मात्र खुर्चीतच मांडी घालायचा आणि पडद्याशी गप्पा मारायचा.

जत्रांच्या दिवसांत त्याला दुसरं काम असे. अफताबभाईंचा तंबूतला सिनेमा गावोगाव फिरायचा. इंग्रजी सिनेमा लागला की जोतीराम पडद्याशेजारी माईक घेऊन उभा राही आणि सगळ्यांचे आवाज काढत गोष्ट मराठीत सांगे. मुखवटा घालून आभाळात उडणारे नायक त्याला मुळीच आवडत नसत.

"उडतुय, मारतुय, परत उडतुय," तो म्हणायचा. "गोष्ट आणतो त्यो खलनायक. त्येला कायतरी पायजे असतंय."

मला हे पटायचं नाही. दुष्टाला दुष्ट म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं माझं मत. पण त्याच्याशी वाद घालण्यात मजा होती.

त्या वर्षी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी नवा ब्राउझर टाकला. फार वेगवान म्हणे! फोनची तार तीच, मोडेमची करकर तीच, मग वेग येणार कुठून? बैल बदलला म्हणून रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत. वर हा पठ्ठ्या उघडला की दर वेळी विचारायचा, मला मुख्य ब्राउझर करणार का? मी अर्थ सांगितल्यावर जोतीरामनं मांडीवर थाप मारली.

"ह्यो खरा खलनायक! आल्या आल्या गादी मागतुय."

"मग जुना ब्राउझर नायक का?"

"न्हाई रं. त्यो म्हातारा राजा. गप बसलाय, पर वाटा त्येलाच ठावं."

हसता हसता तो थांबला. आता इंग्रजी सिनेमेही हिंदीत बोलायला लागले होते. अफताबभाईंनी त्याला बजावलं होतं, कुंडलच्या जत्रेत इंग्रजी सिनेमा लावतोय. माणसं शेवटपर्यंत बसली तर माईक तुझा, उठून गेली तर यापुढं फक्त हिंदी.

"माईक गेला तर नुसता तोलणारा उरतो बघ मी, मिलिंदा," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

आम्ही त्या सिनेमाची गोष्ट शोधायला बसलो. पान वरून खाली सावकाश उतरत होतं आणि मी वाचून मराठीत सांगत होतो. खलनायक शास्त्रज्ञ आहे. त्याला शहराच्या वरचं मोठं धरण फोडायचंय. का फोडायचंय, ते खाली येणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावर आईनं मिरजेच्या मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलला आणि नेटची लाईन तुटली.

"ऱ्हाऊ दे," जोतीराम उठत म्हणाला. "कारण कळलं मला."

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं पान उघडलं. कारण अगदीच फालतू होतं. त्या शास्त्रज्ञाला शहराचा राजा व्हायचं होतं, बस्स. त्याच दुपारी जत्रेत खेळ होता. जोतीरामला सांगायला मी गाडीवरून कुंडल गाठलं, पण पोचेपर्यंत तंबूत अंधार करून सिनेमा सुरू झाला होता आणि तो खलनायकाच्या आवाजात बोलत होता.

"ह्ये धरण बांधलं, तवा माझं गाव बुडालं. माझ्या आयची चूल पाण्यात गेली. जमीन देतो म्हनले, कुठं हाय जमीन?"

मी कपाळावर हात मारला. पण तंबूतल्या माना वर झाल्या होत्या. पुढच्या सतरंजीवर धरणग्रस्तांच्या वसाहतीतली माणसं बसली होती. त्यांचं गाव असंच पाण्याखाली गेलेलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या हरणाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. नायक उडत आला, तेव्हा कोणी शिटी वाजवली नाही.

शेवटी खलनायक धरणाच्या भिंतीला लोंबकळला. जोतीरामनं नायकाच्या तोंडी घातलं, "वर ये गड्या, तुझ्या जमिनीचं मी बघतो." पण पडदा काही त्याचं ऐकणारा नव्हता. खलनायकाचा हात सुटला आणि तो खाली पाण्यात पडला. सिनेमा संपला, दिवे लागले.

कोणीच उठेना. हरणाबाई तर सतरंजीवर हात आपटून म्हणाल्या, "त्येला जमीन मिळाल्याबिगर मी हलत न्हाई!" मागून सगळी वसाहत ओरडली, "आमीबी न्हाई!"

अफताबभाई धावत आले. पुढच्या खेळाची माणसं बाहेर खोळंबली होती. जोतीरामच्या छातीवर माईक टेकवत ते म्हणाले, "पुढल्या जत्रंलाबी तूच बोल, बाबा. पर आधी या मावशीला उठव!"

जोतीरामनं कोऱ्या पडद्याकडे बघितलं. मग त्यानं माईक तोंडाजवळ घेतला आणि खलनायकाच्या त्याच खर्जातल्या आवाजात हाक मारली.

"मावशे, मी पवून कडंला लागलो. जमीन मिळाली. तुमच्याच शेजारी."

हरणाबाईंनी डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"मग सांच्याला भाकरी खायला ये," त्या म्हणाल्या.