बाबांच्या नाकाशी धरलेली चप्पल

मंडळी, आत्ताच आर्वीहून घरी पोचले आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बस स्टँडवर बाबांचा हात जोरात थरथरायला लागला. त्यांना कंपवात आहे, आम्हाला सवय झालीय. पण शेजारच्या माणसाला वाटलं, मिरगी आली. त्याने बाबांचे हात दाबून धरले आणि नाकाशी चक्क चप्पल लावली!

मी ओरडणारच होते. पण बाबाच शांतपणे म्हणाले, "सोड भाऊ. मले मिरगी नाई, कंपवात हाये. अन् मिरगीलेबी चप्पल कामाची नाई."

तो बिचारा ओशाळला. मदतीलाच तर धावला होता. बाबांनी त्याला जवळ बसवून घेतलं.

"पंचावन्न-छप्पन साल असंन. माह्या बहिणीले, शांतीले, झटका आला, तो थांबेचना. जोडा हुंगवला, कांदा हुंगवला. मी लहान होतो, तिचे पाय दाबून बसलो होतो. बैलं दारातच बांधले होते. पण दवाखान्यात न्याले गाडी कोणी जुंपलीच नाई. गेली ते."

मला एक आत्या होती, हे मला आज कळलं. माझ्या पन्नाशीत.

तुमच्यासमोर कुणाचा झटका थांबत नसेल, तर तुम्ही आधी काय शोधाल? चप्पल, की गाडी?