आधी बाईंना बाहेर काढू

नळदुर्गला हायवेलगत एका मुलीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

माझी बायको शाळेत शिक्षिका होती. शाळा बंद होत्या तेव्हा तिनं मुलांसाठी घरच्या कॉम्प्युटरवर धडे रेकॉर्ड केले होते. ती गेल्यावर तेवढाच तिचा आवाज उरला. मध्यंतरी अपडेट अर्ध्यावर अडकलं आणि कॉम्प्युटर सारखा बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. दोघा-तिघांना दाखवला. सगळे म्हणाले, आतलं सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल.

हिनं मात्र ओढणी खोचली, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि विचारलं, “काका, ह्यात तुमचं काय हाय?”

मी सांगितलं. तिचा हात थांबला.

“मशीन काय, आज न्हाय तर उद्या सुरू व्हईल. आधी बाईंना बाहेर काढू.”

तिनं हार्ड डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली आणि एकेक धडा उतरवून घेतला. त्यानंतरच अडकलेल्या अपडेटला हात लावला. दुपार कलताना कॉम्प्युटर नीट सुरू झाला, तेव्हा खात्री करायला तिनं एक धडा लावला.

बायको बेरीज शिकवायला लागली. बाहेर ट्रकांचा गोंगाट होता, म्हणून हिनं उठून शटर अर्धं ओढलं आणि मांडीवर हात ठेवून ऐकत बसली. धडा बंद करायचं तिच्या मनातही आलं नसावं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं शटरखालून वाकून हाक मारली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“जरा थांबा, तास चालू हाय.”