उंबऱ्यावरून मागे
कोकमं फोडल्याचा आंबट वास आला की पेडण्याच्या घरातली ती मे महिन्यातली दुपार आठवते. मी गेम खेळत होतो. नायक गाव सोडून निघाला होता आणि मी नेहमीसारखे संवाद गाळत त्याला पळवत होतो. शेजारी कोकमं फोडत बसलेली आई एकदम म्हणाली, "आवशीक येतंय म्हणून सांगल्याबिगर खंय चललो तो? फाटी व्हर ताका." मी हसत त्याला आईचा निरोप घ्यायला मागे नेलं. हा गेम मी दोनदा संपवला होता, पण चुलीजवळची त्याची म्हातारी आई कधी जागची हलली नव्हती. त्या दिवशी ती उठली आणि तिने त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. मी बघतच राहिलो. माझ्या आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आता प्रत्येक नव्या गेममध्ये मी उंबऱ्यावरून एकदा मागे फिरतो. बहुतेक घरांत कुणीच उठत नाही. तरी फिरतो.